पहिली लोकसभा (१९५२–१९५७) : सदस्य, अध्यक्ष आणि नेतृत्व – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्वतंत्र भारतातील पहिल्या निवडून आलेल्या लोकसभेविषयी विद्यार्थी, शिक्षक आणि जिज्ञासू वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. सदस्यांची निवड, अध्यक्षपद आणि सभागृहातील नेतृत्व यांवर भर आहे. मराठी वाचकाला ज्या गोष्टी विशेष जवळच्या वाटतील, त्या थोड्या विस्ताराने सांगितल्या आहेत.

पहिल्या लोकसभेचा कार्यकाळ नेमका कोणता?

पहिली सार्वत्रिक निवडणूक ऑक्टोबर १९५१ मध्ये सुरू झाली आणि फेब्रुवारी १९५२ पर्यंत चालली. हिमाचल प्रदेशातील डोंगराळ भागात बर्फ पडून रस्ते बंद होण्याआधी मतदान उरकावे लागणार होते, म्हणून तेथे इतरांच्या बऱ्याच आधी मतपेट्या पोहोचल्या. लोकसभा रीतसर गठित झाली ती १७ एप्रिल १९५२ रोजी, आणि तिची पहिली बैठक १३ मे १९५२ रोजी भरली. लोकसभेची पाच वर्षांची मुदत पहिल्या बैठकीच्या दिवसापासून मोजतात. त्यामुळे ही लोकसभा १२ मे १९५७ पर्यंत राहू शकली असती, परंतु दुसरी निवडणूक आधीच पार पडल्याने ती ४ एप्रिल १९५७ रोजी विसर्जित करण्यात आली. काही पुस्तकांत आरंभाची तारीख १७ एप्रिल आणि काहींत १३ मे दिसते. दोन्ही तारखा बरोबर आहेत, फक्त त्या दोन वेगळ्या घटनांच्या आहेत.

संविधान सभा, हंगामी संसद आणि पहिली लोकसभा यांत फरक काय?

संविधान सभेचे बहुतेक सदस्य प्रांतिक विधानसभांनी निवडलेले किंवा संस्थानांच्या वतीने आलेले होते. सर्वसामान्य प्रौढ मतदारांनी त्यांना थेट निवडलेले नव्हते. २६ जानेवारी १९५० रोजी संविधान अमलात आल्यावर याच सभेने हंगामी संसद म्हणून काम पाहिले, आणि ही संसद एकाच सभागृहाची होती. पहिल्या लोकसभेचे वेगळेपण यातच आहे, की शिक्षण, मालमत्ता किंवा कर यांची कोणतीही अट न घालता, एकवीस वर्षे पूर्ण केलेल्या प्रत्येक स्त्री-पुरुष नागरिकाच्या मताने ती उभी राहिली. मतदारयादीत १७ कोटींहून अधिक नावे होती आणि त्या काळी देशातील साक्षरतेचे प्रमाण जेमतेम १८ टक्के होते. हे दोन आकडे शेजारी ठेवले, म्हणजे केवढे धाडस केले गेले होते ते समजते.

एकूण सदस्य किती होते? कुठे ४८९ तर कुठे ४९९ असा आकडा का आढळतो?

निवडणुकीने भरायच्या जागा ४८९ होत्या. त्यांखेरीज १० सदस्य राष्ट्रपतींनी नियुक्त केले, म्हणून एकूण संख्या ४९९ होते. या दहांपैकी सहा जम्मू-काश्मीरचे होते, कारण तेथे त्या वेळी लोकसभेसाठी थेट निवडणूक होत नव्हती. दोन अँग्लो-इंडियन समाजाचे होते, फ्रँक अँथनी आणि ए. ई. टी. बॅरो. आसामच्या आदिवासी क्षेत्रासाठी एक आणि अंदमान-निकोबारसाठी एक अशा उरलेल्या दोन जागा होत्या. अंदमान-निकोबारच्या वतीने बिशप जॉन रिचर्डसन यांची नियुक्ती झाली.

एका मतदारसंघातून दोन किंवा तीन खासदार कसे निवडले जात?

मतदारसंघ एकूण ४०१ होते. त्यांतील ३१४ एकसदस्यीय, ८६ द्विसदस्यीय आणि उत्तर बंगालचा एक त्रिसदस्यीय होता. द्विसदस्यीय मतदारसंघात एक जागा सर्वसाधारण आणि दुसरी बहुधा अनुसूचित जातीच्या, काही ठिकाणी अनुसूचित जमातीच्या उमेदवारासाठी राखीव असे. मतदाराला तितकीच मते असत, मात्र ती सर्व एकाच उमेदवाराला देता येत नसत. खुद्द पंतप्रधान जवाहरलाल नेहरू ज्या अलाहाबाद पूर्व व जौनपूर पश्चिम या जोडमतदारसंघातून निवडून आले, तेथून राखीव जागेवर मसुरिया दीन हे निवडून आले होते. ही पद्धत १९५७ च्या निवडणुकीतही टिकली आणि १९६१ च्या कायद्याने संपुष्टात आली.

त्या काळची यादी चाळताना एकाच मतदारसंघापुढे दोन खासदारांची नावे दिसली, तर ती छपाईची चूक समजू नये.

मतदान प्रत्यक्ष कसे झाले?

आजच्यासारखी एकाच मतपत्रिकेवर शिक्का मारण्याची पद्धत तेव्हा नव्हती. मतदान केंद्राच्या आडोशामागे प्रत्येक उमेदवाराची स्वतंत्र मतपेटी ठेवलेली असे आणि तिच्यावर त्याचे निवडणूक चिन्ह चिकटवलेले असे. मतदाराने हाती मिळालेला मतपत्रिकेचा कागद, त्यावर कोणतीही खूण न करता, आपल्या पसंतीच्या चिन्हाच्या पेटीत टाकायचा. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही चित्र ओळखून मत देता यावे, हा त्यामागचा हेतू होता. या कामासाठी लाखो पोलादी पेट्या लागल्या. त्यांतील मोठा वाटा मुंबईत विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात तयार झाला.

मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्यापुढची सर्वांत अवघड अडचण मात्र वेगळीच होती. उत्तर भारतात असंख्य स्त्रियांनी यादीत स्वतःचे नाव न सांगता ‘अमक्याची पत्नी’ किंवा ‘तमक्याची मुलगी’ अशी नोंद करवली होती. सेन यांनी अशा नोंदी मान्य करण्यास नकार दिला आणि सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे वगळावी लागली. त्या निवडणुकीपुरता हा निर्णय कठोर ठरला, यात शंका नाही. तरीही स्त्री ही स्वतःच्या नावाने मतदार असली पाहिजे, हा आग्रह मला योग्यच वाटतो, कारण पुढच्या निवडणुकीच्या यादीत त्यातील बहुसंख्य स्त्रिया आपापल्या नावाने आल्या.

पक्षांचे बलाबल कसे होते?

काँग्रेसला सुमारे ४५ टक्के मते आणि ३६४ जागा मिळाल्या. भारतीय कम्युनिस्ट पक्षाला १६, समाजवादी पक्षाला १२ आणि आचार्य कृपलानींच्या किसान मजदूर प्रजा पक्षाला ९ जागा मिळाल्या. यांपैकी शेवटचे दोन पक्ष १९५२ मध्येच एकत्र येऊन प्रजा समाजवादी पक्ष स्थापन झाला. हैदराबाद राज्यात कम्युनिस्टांशी संबंधित पीपल्स डेमोक्रॅटिक फ्रंटने ७, ओडिशात गणतंत्र परिषदेने ६ आणि हिंदू महासभेने ४ जागा जिंकल्या. भारतीय जनसंघाचे ३, तर शेतकरी कामगार पक्ष आणि शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन यांचे प्रत्येकी २ सदस्य निवडून आले. अपक्षांची संख्या ३७ होती, म्हणजे कोणत्याही एका विरोधी पक्षापेक्षा दुपटीहून अधिक.

मते ४५ टक्के आणि जागा जवळजवळ ७५ टक्के, हे अंतर नजरेआड करू नये. विरोधकांची मते अनेक पक्षांत विखुरली गेली आणि सर्वाधिक मते मिळवणारा विजयी या पद्धतीत त्यांना त्याची किंमत मोजावी लागली. देशातील निम्म्याहून अधिक मतदारांनी काँग्रेसला मत दिलेले नव्हते, ही गोष्ट त्या सभागृहाकडे पाहताना लक्षात ठेवली तर तेथील वादांची धार अधिक चांगली कळते.

पहिल्या लोकसभेत विरोधी पक्षनेता कोण होता?

अधिकृत विरोधी पक्षनेता कोणीही नव्हता. अध्यक्ष मावळंकर यांनी असा दंडक घातला होता, की ज्या पक्षाची संख्या सभागृहाच्या गणपूर्तीइतकी (बैठक चालण्यासाठी लागणाऱ्या किमान उपस्थितीइतकी), म्हणजे एक दशांश असेल, त्यालाच सभागृहात ‘पक्ष’ म्हणून मान्यता मिळेल; त्याहून लहान असलेल्यांना ‘गट’ समजले जाईल. सर्वांत मोठ्या विरोधी गटाची, कम्युनिस्टांची, संख्या १६ होती. त्यामुळे त्यांचे नेते ए. के. गोपालन यांना अनेक ठिकाणी पहिले विरोधी पक्षनेते म्हटलेले आढळते, ते व्यवहारापुरते ठीक आहे, पण औपचारिकदृष्ट्या बरोबर नाही. लोकसभेला पहिला मान्यताप्राप्त विरोधी पक्षनेता १९६९ मध्ये रामसुभग सिंह यांच्या रूपाने मिळाला, आणि त्या पदाला कायद्याचा आधार १९७७ मध्ये लाभला.

संख्येने लहान असूनही विरोधी बाके दुबळी नव्हती. गोपालन यांच्या बरोबर कलकत्त्याचे हिरेन मुखर्जी होते, ज्यांच्या वक्तृत्वाची वाखाणणी काँग्रेसचे सदस्यही करत. जनसंघाचे संस्थापक श्यामाप्रसाद मुखर्जी यांनी लहान गट आणि अपक्ष यांची मोट बांधून समर्थ विरोध उभा केला होता, पण जून १९५३ मध्ये श्रीनगर येथे स्थानबद्धतेत असताना त्यांचे निधन झाले. शास्त्रज्ञ मेघनाद साहा अपक्ष म्हणून निवडून आले होते आणि नियोजन, नद्या व अणुऊर्जा या विषयांवर सरकारला अडचणीचे प्रश्न विचारत असत. आचार्य कृपलानी सार्वत्रिक निवडणुकीत पराभूत झाले, परंतु १९५३ मध्ये भागलपूरच्या पोटनिवडणुकीतून सभागृहात आले.

सभागृह नेते कोण होते?

जवाहरलाल नेहरू. पंतप्रधान आणि लोकसभेचे सभागृह नेते या दोन्ही भूमिका त्यांनी पाचही वर्षे सांभाळल्या.

पहिल्या अध्यक्षांची निवड बिनविरोध झाली होती का?

नाही, आणि महाराष्ट्रात ही हकीकत सर्वांना ठाऊक असायला हवी असे मला मनापासून वाटते. १५ मे १९५२ रोजी अध्यक्षपदासाठी मतदान झाले. काँग्रेसच्या बाजूने नेहरूंनी गणेश वासुदेव मावळंकर यांचे नाव मांडले. विरोधी बाजूने ए. के. गोपालन यांनी सोलापूरचे खासदार, शेतकरी कामगार पक्षाचे शंकर शांताराम मोरे यांचे नाव सुचवले. मावळंकरांना ३९४ आणि मोरे यांना ५५ मते पडली.

निकाल काय लागणार हे प्रत्येक सदस्याला आधीच ठाऊक होते, तरीही ती निवडणूक व्यर्थ नव्हती. अध्यक्ष ठरवताना सत्ताधाऱ्यांनी विरोधकांशी आधी सल्लामसलत करावी, ही अपेक्षा विरोधी सदस्यांनी पहिल्याच आठवड्यात सभागृहाच्या इतिवृत्तात नोंदवून ठेवली. मुंबई राज्यातील दोन सदस्य, दोघेही मराठी भाषक, एक अहमदाबादचा आणि दुसरा सोलापूरचा, देशाच्या पहिल्या लोकसभेच्या अध्यक्षपदासाठी समोरासमोर होते. संयुक्त महाराष्ट्राच्या धामधुमीत ही गोष्ट मागे पडली असावी. आज ती फारशी सांगितली जात नाही.

मावळंकर मराठी होते, तर ते अहमदाबादचे प्रतिनिधी कसे?

दादासाहेब मावळंकर यांचे घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील संगमेश्वर तालुक्यातल्या मावळंगे गावचे. त्यांचा जन्म २७ नोव्हेंबर १८८८ रोजी बडोद्याला झाला. सुरुवातीचे शिक्षण राजापूर व इतर ठिकाणी झाल्यावर ते १९०२ मध्ये अहमदाबादला गेले, तेथेच पदवीधर झाले आणि वकिली करू लागले. गांधीजी व सरदार पटेल यांच्या सहवासात ते स्वातंत्र्यलढ्यात आले. अहमदाबाद नगरपालिकेचे अध्यक्षपद, मग १९३७ पासून मुंबई विधानसभेचे अध्यक्षपद असा त्यांचा प्रवास झाला.

दिल्लीतील त्यांची पहिली निवड अगदी अटीतटीची झाली होती. जानेवारी १९४६ मध्ये, ब्रिटिश अमदानीच्या अखेरच्या दिवसांत, केंद्रीय कायदेमंडळाच्या अध्यक्षपदासाठी सरकारचा पाठिंबा सर कावसजी जहांगीर यांना होता. मावळंकर ६६ विरुद्ध ६३ अशा केवळ तीन मतांनी विजयी झाले. पुढे संविधान सभेच्या कायदेविषयक बैठकांचे आणि हंगामी संसदेचे अध्यक्षपदही त्यांच्याकडेच होते. म्हणजे १९५२ मध्ये खुर्चीवर बसलेल्या माणसाला सभागृह चालवण्याचा पंधरा वर्षांच्या काळातला अनुभव होता, आणि त्यात परक्या सरकारच्या इच्छेविरुद्ध निवडून येण्याचाही अनुभव होता.

अध्यक्ष म्हणून मावळंकरांचे नेमके काम काय?

पहिल्या लोकसभेविषयी एकच गोष्ट सांगायची झाली, तर मी हीच सांगेन. ३६४ सदस्यांचे बहुमत पाठीशी असलेल्या सरकारला सभागृहापुढे जबाबदार ठेवण्याची यंत्रणा या अध्यक्षांनी उभी केली, आणि ती त्यांच्या पश्चातही टिकली. नेहरूंनी त्यांना लोकसभेचे जनक म्हटले, ते याच कामामुळे.

प्रश्नोत्तराचा तास हा बैठकीच्या आरंभीचा ठरलेला भाग म्हणून त्यांच्या काळात घट्ट रुजला, आणि उत्तराने समाधान न झाल्यास अर्ध्या तासाच्या चर्चेची सोय झाली. १९५२–५३ या काळात कामकाज सल्लागार समिती, दुय्यम विधिविधान समिती (कायद्यांच्या आधारे सरकारने केलेले नियम तपासणारी), अशासकीय म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्यांच्या विधेयकांची समिती आणि सरकारी आश्वासनांची समिती अस्तित्वात आल्या. यांतली शेवटची मला सर्वांत महत्त्वाची वाटते. मंत्री सभागृहात ‘चौकशी करू’, ‘विचार करू’, ‘माहिती मागवली आहे’ असे सांगून वेळ मारून नेतात, ही तक्रार जुनीच आहे. डिसेंबर १९५३ पासून अशा प्रत्येक वाक्याची नोंद ठेवून, ते पुढे पाळले गेले की नाही हे तपासणारी सदस्यांची समिती कामाला लागली. मंत्र्याच्या तोंडचा शब्द सभागृहाच्या वहीत कर्जासारखा लिहिला जाऊ लागला.

अध्यादेशांबाबतही ते ठाम होते. संसदेला वगळून अध्यादेश काढणे लोकशाहीला धरून नाही, अत्यंत निकडीच्या प्रसंगीच तो मार्ग वापरावा, असे त्यांनी नेहरूंना पत्र लिहून कळवले. स्वतःच्याच पक्षाच्या सर्वोच्च नेत्याला हे लेखी सांगण्यामागे जी वृत्ती आहे, ती अध्यक्षपदाचा कणा आहे. त्यांनी काँग्रेसचे सदस्यत्व सोडले नव्हते. भारतातील परिस्थितीत अध्यक्षाने पक्षापासून पूर्ण फारकत घ्यावी ही अपेक्षा व्यवहार्य नाही, असे त्यांचे मत होते. मात्र पक्षाच्या बैठका आणि वाद यांपासून त्याने दूर राहिले पाहिजे, हेही ते तितक्याच स्पष्टपणे सांगत.

तहकुबी प्रस्तावांच्या, म्हणजे ठरलेले कामकाज थांबवून तातडीच्या विषयावर चर्चा मागणाऱ्या प्रस्तावांच्या, बाबतीत त्यांचा हात आखडता होता, हे मान्य केले पाहिजे. सरकार सभागृहाला जबाबदार असताना आणि चर्चेचे इतर मार्ग खुले असताना तहकुबी प्रस्ताव हा अपवादच असावा, अशी त्यांची भूमिका होती. विरोधकांना ती जाचक वाटे, आणि माझ्या मते त्यांच्या तक्रारीत तथ्य होते, कारण मूठभर सदस्यांच्या हाती सरकारचे लक्ष तातडीने वेधून घेण्याचे तेच एक धारदार साधन होते.

त्यांच्याविरुद्ध खरोखरच ठराव आला होता का?

होय. १८ डिसेंबर १९५४ रोजी समाजवादी सदस्य विघ्नेश्वर मिसिर यांनी अध्यक्षांना पदावरून दूर करण्याचा ठराव मांडला. लोकसभेच्या अध्यक्षांविरुद्धचा हा पहिला ठराव होता. संविधानाच्या ९६ व्या अनुच्छेदानुसार असा ठराव चर्चेला असताना अध्यक्षांना पीठासनावर बसता येत नाही, म्हणून उपाध्यक्षांनी बैठक चालवली. नेहरूंनी मावळंकरांची बाजू जोरदारपणे मांडली आणि ठराव फेटाळला गेला. सरकारविरुद्ध मात्र या लोकसभेत एकही अविश्वास ठराव चर्चेला आला नाही. तो पहिला प्रसंग १९६३ मध्ये, तिसऱ्या लोकसभेत घडला.

मावळंकरांनंतर अध्यक्ष कोण झाले?

मावळंकरांचे निधन पदावर असतानाच, २७ फेब्रुवारी १९५६ रोजी अहमदाबादला झाले. पहिल्यापासून उपाध्यक्ष असलेले एम. अनंतशयनम अय्यंगार ८ मार्च १९५६ रोजी अध्यक्ष झाले, आणि त्यांच्या जागी सरदार हुकम सिंग उपाध्यक्षपदी निवडले गेले. हुकम सिंग हे १९५२ मध्ये अकाली दलाच्या वतीने निवडून आलेले सदस्य होते, त्यामुळे त्यांची निवड विशेष उल्लेखनीय ठरते. अहमदाबादच्या रिकाम्या जागेवर पोटनिवडणुकीत मावळंकरांच्या पत्नी सुशीला मावळंकर निवडून आल्या.

महाराष्ट्रातून कोण कोण सदस्य होते?

महाराष्ट्र राज्य तेव्हा अस्तित्वातच नव्हते. आजच्या महाराष्ट्राचे खासदार तीन राज्यांच्या याद्यांत शोधावे लागतात : पश्चिम महाराष्ट्र, कोकण, खानदेश व मुंबई हे मुंबई राज्यात, विदर्भ मध्य प्रदेशात, आणि मराठवाडा हैदराबाद राज्यात. ‘महाराष्ट्रातील पहिल्या लोकसभेचे खासदार’ अशी तयार यादी कोठे दिसली, तर ती पुढे बेतलेली आहे हे ओळखावे.

मुंबई शहर दक्षिणमधून स. का. पाटील निवडून आले. पुणे मध्यमधून काकासाहेब गाडगीळ आणि पुणे दक्षिणमधून इंदिरा मायदेव आल्या. कुलाब्यातून रिझर्व्ह बँकेचे माजी गव्हर्नर चिंतामणराव देशमुख आले आणि अर्थमंत्री झाले. रत्नागिरी उत्तरमधून आझाद हिंद सेनेचे जगन्नाथराव भोसले निवडून आले व पुनर्वसन खात्याचे उपमंत्री झाले. अमरावती पूर्वचे पंजाबराव देशमुख यांनी कृषी खाते सांभाळले. जळगावचे हरिभाऊ पाटसकर विधी खात्याचे मंत्री झाले आणि हिंदू विवाह व वारसा या विषयांवरील विधेयके सभागृहातून पार नेण्याचा मोठा भार त्यांच्यावर होता. सोलापूरच्या द्विसदस्यीय मतदारसंघातून शंकर शांताराम मोरे यांच्यासोबत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे पां. ना. राजभोज आले. काँग्रेसची सर्वत्र सरशी होत असताना एकाच मतदारसंघाच्या दोन्ही जागा विरोधकांनी जिंकल्या, ही सोलापूरची कामगिरी वेगळी उठून दिसते.

मराठी भाषक सदस्य इतर प्रांतांतूनही आले होते. मावळंकरांचे उदाहरण वर आलेच आहे. हिंदू महासभेचे वि. घ. देशपांडे गुणामधून लोकसभेत होते.

चिंतामणराव देशमुखांचा राजीनामा हा या लोकसभेतील सर्वांत ताणलेल्या प्रसंगांपैकी एक आहे. राज्य पुनर्रचनेच्या प्रश्नावर मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी ठेवण्याचा निर्णय, मुंबईतील गोळीबार आणि त्याची न्यायालयीन चौकशी करण्यास मिळालेला नकार या कारणांनी त्यांनी जुलै १९५६ मध्ये अर्थमंत्रिपद सोडले आणि सभागृहात निवेदन करून पंतप्रधानांच्या कार्यपद्धतीवरही स्पष्ट शब्दांत टीका केली. पुढच्याच महिन्यात मराठी व गुजराती प्रदेशांचे मिळून विशाल द्विभाषिक राज्य करण्याची तडजोड संसदेने मान्य केली, आणि ते राज्य १ नोव्हेंबर १९५६ रोजी अस्तित्वात आले. मराठी मनाचे त्याने समाधान झाले नाही. ते १९५७ च्या निकालांनी दाखवून दिले.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर पहिल्या लोकसभेत होते का?

नव्हते. १९५२ मध्ये त्यांनी मुंबई शहर उत्तर या द्विसदस्यीय मतदारसंघातून राखीव जागा लढवली आणि काँग्रेसचे नारायण सदोबा काजरोळकर यांच्याकडून ते सुमारे साडेचौदा हजार मतांनी पराभूत झाले. त्याच वर्षी ते मुंबई राज्यातून राज्यसभेवर निवडून गेले. १९५४ मध्ये भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत ते पुन्हा उभे राहिले, पण तेथेही भाऊराव बोरकर यांनी त्यांचा पराभव केला. त्याच पोटनिवडणुकीत सर्वसाधारण जागेवरून अशोक मेहता लोकसभेत आले. ज्यांच्या मार्गदर्शनाखाली संविधानाचा मसुदा तयार झाला, त्यांना त्या संविधानाखाली भरलेल्या पहिल्या लोकसभेत जागा मिळू नये, ही खंत बाळगण्यासारखीच गोष्ट आहे.

गोव्याचे प्रतिनिधी होते का?

गोवा १९६१ पर्यंत पोर्तुगीजांच्या ताब्यात असल्यामुळे त्याला प्रतिनिधित्व नव्हते. तरीही या लोकसभेचा गोव्याशी जिवंत संबंध होता. बहरामपूरचे खासदार त्रिदिब चौधरी १९५५ च्या सत्याग्रहात गोव्यात शिरले, पकडले गेले आणि लोकसभेचे सदस्य असतानाच दीड वर्षाहून अधिक काळ पोर्तुगीजांच्या तुरुंगात राहिले.

महिला सदस्य किती होत्या?

संख्या विसाच्या थोडी वर, म्हणजे एकूण सदस्यांच्या पाच टक्क्यांहूनही कमी होती. स्वातंत्र्यलढ्यात स्त्रियांनी जो वाटा उचलला, त्याच्या मानाने पक्षांनी त्यांना दिलेल्या उमेदवाऱ्या फारच तोकड्या होत्या. निवडून आलेल्यांची कामगिरी मात्र भरीव होती. आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर यांच्या प्रयत्नांतून दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचा कायदा १९५६ मध्ये झाला. विजयालक्ष्मी पंडित लखनौच्या सदस्य असताना १९५३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या अध्यक्ष झाल्या. सुचेता कृपलानी, रेणू चक्रवर्ती, अम्मू स्वामिनाथन, ॲनी मॅस्करीन, तारकेश्वरी सिन्हा, मणिबेन पटेल ही त्यांतली आणखी काही नावे. नागपूरच्या अनसूयाबाई काळे आणि मुंबई उपनगरच्या जयश्री रायजी या आपल्या भागातील होत्या.

सदस्यांना वेतन किती मिळे आणि भाषणे कोणत्या भाषेत होत?

१९५४ च्या कायद्याने महिन्याला ४०० रुपये वेतन आणि बैठकीच्या दिवसाला २१ रुपये भत्ता ठरला. भाषणे हिंदीत किंवा इंग्रजीत होत. ज्याला यांपैकी एकही भाषा येत नसे, तो अध्यक्षांच्या अनुमतीने मातृभाषेत बोलू शके. एकाच वेळी भाषांतर ऐकवण्याची सोय १९६४ पर्यंत नव्हती, त्यामुळे दक्षिणेकडील अनेक सदस्यांना हिंदी भाषणे समजून घेताना अडचण येई.

‘लोकसभा’ हे नाव पहिल्या दिवसापासून होते का?

इंग्रजीत सुरुवातीला ‘हाउस ऑफ द पीपल’ हेच नाव चालत होते. १४ मे १९५४ रोजी अध्यक्षांनी ‘लोकसभा’ हे नाव रूढ केल्याचे जाहीर केले, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दुसऱ्या सभागृहाला ‘राज्यसभा’ हे नाव मिळाले.

या लोकसभेने केलेले महत्त्वाचे कायदे कोणते?

विशेष विवाह कायदा (१९५४), हिंदू विवाह कायदा आणि अस्पृश्यता अपराध कायदा (दोन्ही १९५५), हिंदू वारसा कायदा, राज्य पुनर्रचना कायदा, कंपनी कायदा आणि आयुर्विमा महामंडळाचा कायदा (सर्व १९५६) हे ठळक आहेत. इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली तीही १९५५ मध्ये याच लोकसभेच्या कायद्याने.

मंत्री नसलेल्या सदस्यांनी आणलेली विधेयके मंजूर होणे आज दुर्मीळ झाले आहे, म्हणून एका कायद्याचा वेगळा उल्लेख करतो. रायबरेलीचे सदस्य फिरोज गांधी यांनी १९५६ मध्ये आणलेल्या अशासकीय विधेयकामुळे संसदेतील कामकाजाचा खराखुरा वृत्तांत छापणाऱ्या वृत्तपत्रांना खटल्यांपासून संरक्षण मिळाले. आणीबाणीत हा कायदा रद्द करण्यात आला आणि १९७७ मध्ये ते संरक्षण पुन्हा देण्यात आले. सत्ताधारी पक्षाच्या सदस्याने स्वतंत्रपणे आणलेले विधेयक सरकारने आणि सभागृहाने स्वीकारावे, यातून त्या पाच वर्षांतील संसदीय वातावरण दिसते.

हे सभागृह विसर्जित झाल्यावर त्याच्या नेतृत्वाचे पुढे काय झाले?

नेहरू पंतप्रधान व सभागृह नेते म्हणून दुसऱ्या लोकसभेतही राहिले. अनंतशयनम अय्यंगार दुसऱ्या लोकसभेचे अध्यक्ष म्हणून पुन्हा निवडले गेले आणि पुढे बिहारचे राज्यपाल झाले. हुकम सिंग १९६२ मध्ये तिसऱ्या लोकसभेचे अध्यक्ष झाले. ए. के. गोपालन १९५७ मध्येही निवडून आले आणि कम्युनिस्ट गटाचे नेतृत्व त्यांनी पुढे चालू ठेवले.